पुढे एक, मागे एक

खालचीवाडी, रत्नागिरी
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. स्वरूप यास,
सखाराम आजोबाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या केंद्रातल्या वेदिका मॅडम म्हणाल्या की फोन सध्या मिळणार नाही, पण पत्र चालेल, उलट पत्र बरं. म्हणून बसलो लिहायला. मी चौथी शिकलेला माणूस, त्यातही चौथीचं अर्धं वर्ष होडीवर गेलं. अक्षर लागलं नाही तर मॅडमकडून वाचून घे. नको, त्यांच्याकडून नको. तूच लाव.

जेवण कसं आहे? मासळी देतात का? नसतील देत. संगमेश्वरला नदीची मिळते, पण तिला चव नसते, त्यापेक्षा डाळ खा. झोप लागते का? अंग दुखतं का? लिहिताना एकेक प्रश्नाचं उत्तर दे, मागच्यासारखं सगळं ठीक आहे असं एका ओळीत टाकू नकोस. एका ओळीत ठीक असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वकिलांनी मला तीनदा समजावलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, ते तुलाही सांगून ठेवतो. तुझ्या खिशात सापडलेली ब्राऊन शुगरची पुडी लहान होती, स्वतःपुरती होती, विकायची नव्हती. म्हणून तुरुंगाऐवजी उपचार अशी वाट कायद्यात आहे. कोर्टातल्या साहेबांनी विचारलं आणि तू हो म्हणालास, ते मी मागच्या बाकावरून ऐकलं. चार महिने केंद्रात राहायचं आणि आठ डिसेंबरला डॉक्टरांचा अहवाल घेऊन कोर्टात उभं राहायचं. मध्येच पळालास किंवा तुझ्यापाशी पुन्हा काही सापडलं, तर ही वाट बंद. मग तुरुंग. हमीच्या कागदावर माझी सही आहे. अंगठा नाही, सही.

तुझा बाप मुंबईहून वकिलांना फोन करतो, मला करतो, पण तुझं नाव घेत नाही. ‘त्याचं काय झालं’ असं विचारतो. मोरू लहानपणापासून असाच. चिडला की नावं विसरतो.

वाडीत सांगितलं आहे की तू गोव्याला बोटीवर गेलास. तुझा तो बाबल्या दोनदा विचारून गेला, कुठल्या बोटीवर म्हणून. मी म्हटलं, मोठ्या. तो हसला. मला त्याचं हसणं आवडलं नाही. तुला ती पुडी पहिल्यांदा कोणी दिली हे मी विचारणार नाही असं मॅडमना कबूल केलं आहे, म्हणून विचारत नाही.

इकडची माया आहे तेवढीच आहे, तिकडून पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा,
सखाराम


संगमेश्वर
दि. २५ सप्टेंबर २०२५

ती. आजोबा यांस,
स्वरूपचा सा. न. वि. वि.

एकेक उत्तर देतो. मासळी नाही. डाळ आहे आणि ती तुमच्या डाळीपेक्षा बरी आहे. झोप आता चार-पाच तास लागते. अंग दुखायचं थांबलं. पहिले पंधरा दिवस काय होतं ते तुम्हाला लिहीत नाही, नाहीतर तुम्ही उद्याच्या एसटीने याल.

एक मात्र लिहितो. नवव्या दिवशी सकाळी मी फाटकापर्यंत गेलो होतो. फाटकाला कुलूप नसतं. कोणी अडवतही नाही, फक्त वहीत वेळ लिहितात आणि कोर्टाला कळवतात. समोर हायवे, गाड्या जात होत्या. हात दाखवला असता तर तासा-दीड तासात मिरकरवाड्याच्या धक्क्यावर असतो, जिथे पुडी मिळायची तिथे. तेव्हा तुमची सही आठवली. कोर्टात तुम्ही जीभ बाहेर काढून ‘सखाराम’ लिहीत होतात आणि कारकून घड्याळ बघत होता. ‘म’ची काठी काढायला विसरलात आणि पुन्हा कागद मागून घेतलात. मी परत आत आलो आणि भाजी चिरायला बसलो.

इथे व्हॉलीबॉलचं जाळं फाटलेलं होतं. मी विचारलं, सुतळी आणून द्याल का. दिली. तीन दिवसांत पूर्ण सांधलं. माझी गाठ बघून सगळे हसतात, म्हणतात ही उलटी पडते. मी सांगितलं, माझे आजोबा डावखुरे, मला त्यांनीच शिकवलं, आमच्या घरात गाठ अशीच पडते. आता शेजारच्या शाळेनेही त्यांचं जाळं पाठवलं आहे.

दिवाळीनंतर इथे सकाळी गारठा पडतो म्हणतात. दोन नोव्हेंबरला भेटीचा रविवार आहे, तेव्हा जुनी गोधडी आणि माझी उशी आणा. खाण्याचं काही नको. नियमांचा कागद सोबत जोडला आहे. खाऊ, औषध, तंबाखू, पावडर, बंद पाकीट, यातलं काही चालत नाही. नीट वाचा.

बाबांनी नाव नाही घेतलं तरी चालेल. विचारतात ना.

काळजी थोडी कमी करावी, लोभ मात्र कमी करू नये.

आपला नातू,
स्वरूप


खालचीवाडी
दि. ६ ऑक्टोबर २०२५

ती. गोदूआक्का हिस,
सखारामचा शि. सा. न.

तुला पत्र लिहितो, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि मी ओरडलो की अख्ख्या वाडीला कळतं. हे काम वाडीला कळायचं नाही.

स्वरूपची गोधडी आणि उशी गुहागरच्या एसटीने तुझ्याकडे पाठवतो आहे. कंडक्टर ओळखीचा आहे. गोधडी दोन ठिकाणी उसवली आहे, ती शीव. आणि दुसरं काम खरं. सोबत अंगाऱ्याच्या दोन पुड्या आहेत. परवा देवळात जाऊन गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. पोराचं नाव घेऊ नको, ‘या घरचं लेकरू’ एवढंच म्हण, असं सांगितलं. देवाला कळलं असेल कोण ते.

तुला ठाऊक आहे, होडी दर हंगामाला पाण्यात लोटताना मी काय करतो. अंगाऱ्याची पुडी कागदात, कागद प्लास्टिकमध्ये, वर जाळ्याची सुतळी. पुढे एक, मागे एक. नुसती पुढची बांधली तर होडी निघते, पण परत आणणारी मागचीच. आपल्या बापाने असंच केलं, मी असंच केलं, पन्नास वर्षांत एकदाही होडी परत आली नाही असं झालं नाही. पोराला धाडताना घाईत तेवढं राहून गेलं. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही.

तेव्हा एक पुडी गोधडीच्या पायाकडच्या कोपऱ्यात शीव आणि एक उशीत. बाहेरून दिसता कामा नये. तिथली माणसं शिकलेली, अंगारा बघून हसतील, किंवा कचऱ्यात टाकतील. पोरालाही सांगणार नाही, तो नको म्हणेल. नियमांचा कागद मी वाचला, तो आणि स्वरूपचं पत्र सामानासोबतच पाठवतो आहे, वाच. पावडर चालत नाही असं आहे, ते तोंडाला लावायच्या पावडरीचं असणार. अंगारा म्हणजे पावडर नव्हे.

तू रागावशील, पण शिवशील.

भावावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा,
सखाराम


गुहागर
दि. १६ ऑक्टोबर २०२५

चि. सखा यास,
गोदूआक्काचे आशीर्वाद.

सामान पोचलं. कंडक्टर गोधडी अशी धरून उभा होता की जणू आत बाळ आहे. तू त्याला काय सांगितलंस देव जाणे.

मी सातवी शिकले, तू चौथी, हे दर भेटीत काढायचं नाही असं ठरलं होतं, पण आज काढते. कागदावर पावडर नको लिहिलं आहे आणि बंद पाकीट नको हेही लिहिलं आहे. तू पहिलं वाचून दुसरं गिळलंस. तुझी पुडी कागदात, प्लास्टिकमध्ये आणि वर सुतळीने आवळलेली आहे. याहून बंद काय असतं? त्या मॅडमला सरळ सांग की माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून अंगारा आहे. बाई माणूस आहे, समजेल. हसली तर हसली. तुझ्यावर कोणी हसलं नाही असं एक वर्ष तरी गेलं आहे का?

एवढं बजावून मी पुड्या शिवल्या. मला पटलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझ्यावर ढकलता येणार नाही. शिवल्या, कारण तुझ्या गाठी बघितल्या आणि बाबांचा हात आठवला. त्यांचीही अशीच उलटी पडायची.

पोर फाटकापर्यंत जाऊन परत आलं, हे वाचून मी दारात जाऊन बसले. बराच वेळ बसले. शेजारीण विचारायला आली, काय झालं. म्हटलं, चांगलं झालं.

बहिणीची आठवण गोधडी शिवण्यापुरती ठेवू नये. मॅडमना सांग.

तुझी आक्का,
गोदूबाई


संगमेश्वर
दि. ११ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबा यांस,
स्वरूपचा सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच उत्तर द्या. फोनवर कुणाशी याबद्दल बोलू नका, कुणाच्या कानावर जायला नको.

काल सकाळी गोधडीची घडी घालत होतो. पायाकडचा कोपरा मुडपला आणि आतून आवाज आला. प्लास्टिकमध्ये कागद असला की दाबल्यावर जो येतो तो. आजोबा, तुम्हाला तो आवाज माहीत नसेल. मी तीन वर्षं तो ओळखत होतो. हात लगेच ओले झाले. खोलीत कोणी नव्हतं, सगळे प्रार्थनेला गेले होते. शिवण दातांनी सुटली असती.

मी किती वेळ बसलो माहीत नाही. मग गोधडी तशीच उचलली आणि वेदिका मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, या कोपऱ्यात काहीतरी आहे, मी बघितलेलं नाही, मला बघायचंही नाही, तुम्ही काढा. आणि मी बाहेर जाऊन व्हॉलीबॉलच्या खांबाला धरून उभा राहिलो.

त्यांनी शिवण कापली. पुडी निघाली. आत राखाडी काहीतरी आहे म्हणाल्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, पण नियम तो नियम. पुडी तपासायला गेली आहे. तपासणीचा कागद येईपर्यंत माझा कोर्टाचा अहवाल थांबवला आहे. आठ डिसेंबरला फार दिवस नाहीत.

गोधडी तुमच्याकडून गोदूआजीकडे गेली आणि परत आली. मध्ये कोणाच्या हातात होती? बाबल्या घरी आला होता का? त्याच्याशिवाय हे कोण करील? मला गोत्यात आणायला, की माझी सोय म्हणून, तेच कळत नाही. दोन्ही त्याला सुचू शकतं.

मी घेतलेलं नाही, आजोबा. एवढं तरी खरं माना.

लोभ तुटू देऊ नये.

आपला,
स्वरूप


खालचीवाडी
दि. १५ नोव्हेंबर २०२५

सौ. वेदिका मॅडम यांस,
स. न. वि. वि.

मी स्वरूपचा आजोबा, सखाराम. हमीच्या कागदावर सही करणारा. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे, आधीची तीन फाडली. त्यात मी स्वतःला वाचवत होतो.

पुडी मी घातली. बाबल्याने नाही, कोणी नाही, मी. ती अंगाऱ्याची आहे. आमच्या देवळातली राख. ती होडीला बांधतो तशी पोराला बांधावी असं मनात आलं. शिवली माझ्या बहिणीने, पण ती नको म्हणत होती आणि तिने ते लिहून दिलं आहे. कागद दाखवीन. तिने तुम्हाला सांगायलाही बजावलं होतं. दोन नोव्हेंबरला मी तुमच्यासमोर पाऊण तास बसलो, तुम्ही चहा दिलात, पाऊस लांबला यावर बोललो, आणि ते तेवढं बोललो नाही. लाज वाटली. तुम्ही हसाल म्हणून. आता वाटतं, हसला असतात तर किती बरं झालं असतं.

मॅडम, ज्या वस्तूपायी पोर कोर्टात उभं राहिलं, तीच वस्तू दिसावी असं काहीतरी मी त्याच्या पायाशी शिवून ठेवलं. मला कळलंच नाही. मला पुडी म्हटली की देऊळ दिसतं. त्याला काय दिसतं हे मी कधी विचारलं नव्हतं. त्याचं पत्र वाचून कळलं. बाहत्तर वर्षांचा झालो, पन्नास वर्षं माणसं घेऊन होडी चालवली, आणि घरच्या पोराच्या हाताला घाम कशाने सुटतो हे ठाऊक नाही.

मंगळवारी पहिल्या एसटीने येतो. माझं म्हणणं खोटं वाटलं तर सुतळी द्या, तुमच्यासमोर तशीच पुडी बांधून दाखवतो. मी डावखुरा आहे. माझ्यासारखी गाठ या किनाऱ्यावर दोनच माणसं मारतात. एक मी. दुसरा तुमच्याकडे आहे, पण तो जाळ्याला मारतो, त्याने पुडी कधी बांधलेली नाही. शिक्षा काय असेल ती मला सांगा. त्याचा अहवाल थांबवू नका. तीन महिने त्याने केलं ते माझ्या राखेने पुसलं जाऊ नये.

गरिबावर राग धरू नये ही विनंती.

आपला नम्र,
सखाराम


संगमेश्वर
दि. ९ डिसेंबर २०२५

ती. आजोबा यांस,
स्वरूपचा सा. न. वि. वि.

काल कोर्टात तुम्ही बाकावर बसल्या बसल्या रडलात आणि शेजारच्या माणसाला वाटलं की तुम्ही खटला हरलात. नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. तुम्ही कागद ठेवता, हाही ठेवा.

तुम्ही त्या मंगळवारी ऑफिसात बसून सुतळी मागितलीत आणि पुडी बांधायला लागलात, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. डॉक्टर, मॅडम, दोन सिस्टर, सगळे वाकून बघत होते. तुम्ही घाबरलेले होतात, पण गाठ मारताना तुमचे हात घाबरत नव्हते. मॅडमनी आधीच्या पुडीची जपून ठेवलेली सुतळी काढून दोन्ही गाठी शेजारी ठेवल्या आणि डॉक्टर हसले. तुम्ही ज्याला भ्यायलात तेच हसू. वाईट नव्हतं ना? नंतर तपासणीचा कागदही आला, राख आहे म्हणून.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगतो. तुम्ही एसटीत बसलात आणि मी फाटकातून परत आलो. तेव्हा डोक्यात आलं, माझे आजोबा आयुष्यात कधी एक पुडी बांधून थांबलेत का? पुढे एक, मागे एक. गोधडीतली पायाची होती. म्हणजे डोक्याकडे असणारच. मी उशी दाबून बघितली नाही. दाबली असती तर पुन्हा तो आवाज आला असता. तशीच उचलली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, माझे आजोबा तुमच्याशी खरं बोलले, फक्त अर्धं. दुसरी इथे आहे.

त्या पाच मिनिटं हसत होत्या. आणि आजोबा, खरं सांगू, या वेळी माझे हात कोरडे होते.

अहवालात डॉक्टरांनी दोन्ही वेळा लिहिलं आहे. शिवण न उघडता स्वतः आणून दिलं, दोनदा. न्यायाधीश साहेबांनी ते वाक्य परत वाचलं, तुम्ही तेव्हा रुमाल शोधत होतात. तुरुंग नाही. वर्षभर दर महिन्याला तपासणीला यायचं, आणि वर्षाने पुन्हा कोर्टात अहवाल. मॅडम म्हणतात, हे वर्षच अवघड, इथे फाटक होतं, तिथे धक्का आहे. मला माहीत आहे. म्हणून बोटीवर लगेच जाणार नाही. तुमच्या शेडमध्ये जाळी सांधायला बसतो. शाळेच्या मास्तरांनी तालुक्यातल्या दोन मैदानांची जाळी देतो म्हटलं आहे.

आणि गोव्याचं आता पुरे. बाबल्याला मी स्वतः सांगेन कुठे होतो ते. त्याला हवं असेल तर पत्ता देईन.

दोन्ही पुड्या मॅडमनी मला परत दिल्या. एक पिशवीत आहे. दुसरी शर्टाच्या खिशात, न उघडलेली. कालचाच शर्ट आज घातला आहे. काल कोर्टात ती माझ्याजवळच होती. कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगतो.

एकवीस तारखेला, रविवारी सोडतात. लोभ समोर भेटून मोजून घेईन.

आपला नातू,
स्वरूप


खालचीवाडी
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. स्वरूप यास,
आजोबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उशीचं तू बरोबर ओळखलंस. त्या दिवशी ऑफिसात ते माझ्या जिभेवर आलं होतं, पण एक गाठ सुटली या आनंदात मी दुसरी गिळली. येताना एसटीत बसल्यावर ते आठवलं, उतरावं असं वाटलं, नाही उतरलो. पुढे वीस दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. तू फाटकातून परत येणारा आणि मी एसटीतून न उतरणारा. मॅडमना माझा नमस्कार सांग आणि मान खाली घालून सांग.

शेडमधली जुनी जाळी बाजूला सारून तुझ्यासाठी उजेडाची जागा केली आहे. डाव्या हाताला खिडकी येईल अशी. धक्क्याकडे तोंड करून बसू नकोस, खाडीकडे बस. हे मॅडमनी सांगितलेलं नाही, मी सांगतो. दर महिन्याच्या तपासणीला मी सोबत येणार. नको म्हणालास तर मागच्या सीटवर बसेन.

वाडीत मीच सांगून टाकलं. देवळात सगळे होते, गुरवाला म्हटलं, या वेळी नाव घे. मोठ्याने घे. स्वरूप, सखारामचा नातू, उपचार घेऊन परत येतो आहे, सांभाळ. मग धक्क्यावर तुझ्यासोबत असायचा त्या चिमाचा म्हातारा बाप मला बाहेर बाजूला घेऊन गेला आणि हळूच विचारलं, तिथे जायला पोलिसांनी धरावंच लागतं, की आपणहून गेलं तरी घेतात. मी म्हटलं, आपणहून गेलं तर जास्त बरं. तू आलास की त्याच्याशी बोल. मी बोललो तर घाबरवून सोडीन.

आता मुख्य. काल मोरूचा फोन आला. म्हणाला, स्वरूप मासळी खातो का आता, की तिथे सवय मोडली. स्वरूप म्हणाला तो. मी म्हटलं, मला काय विचारतोस, त्यालाच विचार. तर म्हणाला, शनिवारी रात्री निघतो, सकाळी संगमेश्वर स्टेशनला उतरतो. फाटकाशी आम्ही दोघं असू. तो आधी बोलणार नाही, मी त्याला ओळखतो. तू आधी बोल. मासळीवरच बोल, ते सोपं आहे.

खिशातली पुडी आणशील तेव्हा होडीच्या पुढच्या टोकाला तू बांधायची. मागची मी बांधतो. ती बांधणं इतकी वर्षं माझ्याकडे आहे, अजून थोडे दिवस राहू दे.

पोरा, लोभ होता तो आहे, आता त्याला भीतीचा टेकू लागत नाही एवढंच.

तुझी वाट बघणारा,
सखाराम

ता. क. गोधडीची कापलेली शिवण तू शिवू नकोस. गोदूआक्का तुला बघायला येते आहे, ती शिवणार. आत काही घालणार नाही, असं तिने माझ्याकडून फोनवर तीनदा म्हणवून घेतलं. ऐकू येत नाही म्हणून तिन्ही वेळा ओरडून. अख्ख्या वाडीने ऐकलं.